जखम भरल्यानंतर

संक्रांत आली की नागपूर-येवल्याकडे घारी पतंगांच्या मांजात अडकू लागतात. दिल्लीत तेच १५ ऑगस्टच्या सुमारास होते. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये नायलॉन मांजावर देशभर बंदी घातली, तरी तो मिळतोच. तो बहुधा पंखाची पुढची कड कापतो. खांद्यापासून मनगटापर्यंत ताणलेला कातडीचा पातळ पडदा असतो, तो फाटतो. टाके घातले, जखम भरली, की काम झाले असे आपण धरून चालतो. माझ्या मते निम्मे कामही तेव्हा झालेले नसते.

पंख बांधून ठेवला की हा पडदा आखडतो. म्हणून जाणते उपचारक मधूनमधून पट्टी सोडतात, पक्ष्याला भूल देऊन पंख हलक्या हाताने पुरता उलगडतात. तिकडे छातीचे स्नायू, ज्यांच्या जोरावर सारे उड्डाण चालते, बसून बसून झिजत असतात. पक्षी मात्र धडधाकट दिसतो. पिंजऱ्याच्या या टोकाकडून त्या टोकाला उडतोही. मग त्याला सोडतात, तो समोरच्या झाडावर जाऊन बसतो, टाळ्या पडतात. काही दिवसांनी तो उपासमारीने मरतो तेव्हा पाहायला कुणी नसते. हे अपयश कुणाच्या नजरेस पडत नाही, म्हणून पक्ष्याची ताकद सोडण्याआधीच जोखावी लागते.

जोखण्याची रीत आली ती ससाणे पाळून शिकार करणाऱ्यांकडून. पायांना चामड्याच्या वाद्या, वाद्यांना ५० ते १०० मीटरची हलकी दोरी आणि मोकळे मैदान. पक्षी हातावर परतायला शिकेपर्यंत शिकारी ही दोरी वापरत. बऱ्या होणाऱ्या पक्ष्याला मात्र परतणे शिकवायचेच नसते. पक्षी माणसाच्या भीतीने दूर उडतो, आणि ती भीती जपायची असते. मिनेसोटा विद्यापीठाच्या, १९७४ साली सुरू झालेल्या रॅप्टर सेंटरमध्येही पक्ष्यांना असेच दोरीवर उडवतात. सुरुवातीला दोन-चार छोट्या झेपा, मग रोज थोड्या जास्त. दोन्ही पंख सारखे पडतात का, उंची घेता येते का, उतरताना तोल जातो का, हे पाहायचे. सर्वांत बोलका असतो श्वास. चोच उघडी टाकून धापणारा पक्षी किती वेळात शांत होतो, यावरून त्याचा दम कळतो.

तुटलेल्या पिसांवरही शिकाऱ्यांचाच जुना उपाय चालतो. त्याच जातीच्या पक्ष्याचे गळलेले पीस घेऊन, पोकळ देठात बांबूची काडी बसवून ते जोडतात. सम्राट दुसऱ्या फ्रेडरिकने तेराव्या शतकात ससाण्यांवर लिहिलेल्या ग्रंथातही पिसे जोडण्याची ही कला आहे.

एवढे करूनही सर्वांना एकच माप लावता येत नाही. घार वाऱ्यावर तरंगते, मेलेले, टाकलेले खाते; पंखात किंचित ताठरपणा राहिला तरी ती निभावून नेईल. बहिरी ससाणा सूर मारताना ताशी ३०० किलोमीटरच्या वर जातो आणि उडता पक्षी हवेतच टिपतो. त्याला तेवढाच ताठरपणा उपाशी मारील. गव्हाणी घुबडाचे पंख ठणठणीत असले तरी कान तपासायला हवेत, कारण मिट्ट अंधारात ते उंदीर आवाजावरून हेरते. कान गेलेल्या घुबडाला सोडू नये असेच मी म्हणेन, मग सोडायला जमलेली माणसे कितीही हिरमुसोत.