मिशीमागील कारण

आधी वर्तुळ, मग नाक, मग मिशी, शेवटी टोपी. अशा पायऱ्यांनी मुले आज व्हिडिओ गेममधील मारिओ रेखाटावयास शिकतात. हे शिक्षण, की नुसती नक्कल? १९८१ साली जपानमध्ये शिगेरू मियामोतो यांनी ही आकृती ‘डाँकी काँग’ या खेळासाठी निर्मिली, तेव्हा पडद्यावर मोजकेच ठिपके हाती होते. तोंड दाखविता येईना म्हणून मिशी आली. केस साधेनात म्हणून टोपी. कागदावर ती अडचण नाही. तरीही हात मिशी काढतोच. कित्येक रूढीही अशाच, कारण सरल्यावर उरलेल्या. गिरविण्यात कमीपणा नाही. हाताला वळण त्यानेच लागते. परंतु शिकविणाऱ्याने पायरीसोबत तिचे कारणही सांगितले पाहिजे. ते ज्याला उमगले, तोच ती रेषा जाणून राखू शकतो, किंवा जाणून गाळू शकतो.