काढून घेणारा कोच

‘मुळात हात हवा, कोच काय करणार?’ बेसबॉलच्या गप्पांत हे वाक्य हमखास कानावर येतं आणि दर वेळी खटकतं. कारण लगेच रॉय हॅलडे आठवतो.

टोरोंटो ब्लू जेजचा हा साडेसहा फुटी पिचर. 1998 मध्ये, मेजर लीगमधल्या दुसऱ्याच सामन्यात, नवव्या डावात दोन बाद होईपर्यंत त्याने डेट्रॉइटला एकही हिट मिळू दिली नव्हती. दोनच वर्षांनी, 2000 मध्ये, त्याची सरासरी होती 10.64, नऊ डावांमागे जवळपास अकरा धावा! हात तोच होता, वेगही होता. मग नुसत्या हाताने काय साधलं?

2001 मध्ये त्याला मायनर लीगच्या खालच्या पायरीवर, डनीडनला धाडलं गेलं. त्या हंगामात कोच मेल क्वीन यांनी त्याची फेकच बदलली. डोक्यावरून सरळ येणारा हात खाली, तिरका आणला. नुसत्या वेगावर विसंबलेल्या चेंडूची जागा बुडणाऱ्या सिंकरने आणि ऐनवेळी वळणाऱ्या कटरने घेतली. 2003 मध्ये 22 विजय, 266 डावांत फक्त 32 वॉक आणि सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार.

कोचने घडवलं, एवढं म्हणून मोकळं होता येईल. पण शिक्षक दोन प्रकारचे असतात, भर घालणारे आणि काढून घेणारे. हा फरक मला फार मोलाचा वाटतो. क्वीन यांनी नवे चेंडू दिले. पण त्याआधी, ज्या फेकीने हॅलडेला नाव मिळवून दिलं, तीच काढून घेतली.

पिचर सँडी कोफॅक्सचं उदाहरण तर याहून लख्ख आहे. पहिल्या सहा वर्षांत 36 विजय, 40 पराभव. 1961 च्या सराव हंगामात कॅचर नॉर्म शेरीने त्याला सांगितलं, इतका जोर लावू नकोस. शेरी कोच नव्हता, त्याने नवा चेंडूही शिकवला नाही. त्याने काढून घेतला तो अट्टहास. त्या वर्षी कोफॅक्सने 18 सामने जिंकले आणि 269 स्ट्राइकआउट घेतले.

कोचची बाजू मांडता मांडता मी वेगळ्याच जागी येऊन पोहोचलो आहे. नसलेला हात कोणी देऊ शकत नाही, हे खरंच. पण असलेला हातच पुष्कळदा आड येतो, म्हणून गुणी माणसाला शिकवणं सर्वांत अवघड. ज्यावर टाळ्या मिळाल्या ते आज सोड, म्हणायचं. आणि उद्या काय मिळेल याची हमी नाही. तेव्हा काढून घेण्याचा अधिकार मी प्रत्येक कोचला देणार नाही. नवी फेक अंगवळणी पडेपर्यंत, मधल्या साऱ्या पराभवांत, जो खेळाडूच्या शेजारी उभा राहील, त्यालाच तो आहे. बाकीच्यांनी खेळाडूच्या हाताला हात लावू नये.