मेरिट वॉर्डात दाखवा

केस पेपरवर दोन शब्द लिहून तुम्ही मोकळे झालात: ‘पुअर हिस्टोरियन’, म्हणजे आजाराची हकिगत नीट न सांगणारी. खाली सही आणि वेळ. बाई धडगावकडच्या पाड्यावरून आलेली, नुकतीच बाळंत झालेली. तुम्ही तिला मराठीत विचारलंत, मग हिंदीत, मग आवाज चढवून. ती गप्प राहिली. ‘अशक्तपणा, ॲनिमिया?’ असं लिहून तुम्ही सलाइन सुरू केलंत आणि पुढच्या खाटेकडे वळलात.

त्याच युनिटमधली पहिल्या वर्षाची रेसिडेंट रक्ताचे बल्ब हातात घेऊन मागे उभी होती. ती अक्कलकुवा तालुक्यातली आहे आणि त्या बाईची भाषा, पावरी, तिच्या घरात बोलली जाते. तिला एकानेही विचारलं नाही, कारण तुमच्या लेखी ती सॅम्पल लॅबला पोचवण्यापुरती आहे. राऊंडला मी तिला पुढे बोलावलं. ती खाटेच्या कडेला टेकली, बाईच्या हातावर हात ठेवून दोन शब्द बोलली, आणि तुमच्याशी न बोलणारी ती बाई थांबेचना. आडवं झालं की जीव घाबरा होतो. रात्र भिंतीला टेकून बसून काढते. पाय चपलेत मावत नाहीत. टू-डी इको केला तेव्हा हृदय फुगलेलं दिसलं, त्याची आकुंचनाची ताकद घसरलेली दिसली. बाळंतपणाच्या सुमारास होणारं हार्ट फेल्युअर, पेरिपार्टम कार्डिओमायोपॅथी. थकलेल्या हृदयाच्या त्या बाईच्या शिरेत तुम्ही सलाइन सोडत होता.

भाषेची अडचण होती असं मला सांगू नका. भाषा युनिटमध्येच होती. तिला तुम्ही मागे उभं केलं होतं.

विविधता, समता, समावेशन हे शब्द परिपत्रकात आले की तुम्ही मोबाइल काढता. हा विषय एन्ट्रन्सला येत नाही, हे काम समाजकार्यवाल्यांचं, अशी तुमची समजूत आहे. ती समजूत आज मोडा. चुकीच्या गटाचं रक्त चढवणं ही जशी वैद्यकीय चूक, तशी माणसामाणसांत भेद करणं हीसुद्धा वैद्यकीय चूक आहे. भेद करणारा डॉक्टर वाईट निदान करतो. त्याची किंमत रुग्ण मोजतो.

आता मेरिटबद्दल. नवी बॅच आली की होस्टेलवर तुमचा पहिला प्रश्न असतो, “रँक किती?” तुम्हाला रँकशी काही देणंघेणं नसतं, समोरचा कुठल्या कॅटेगरीतून आला ते काढायचं असतं. आकडा कळला की आडनाव जुळवता आणि त्या मुलाची जागा ठरवून टाकता. पुढची तीन वर्षं तो कुठे उभा राहील, कोणती केस बघेल, ओटीत हात धुवून आत येईल की बाहेर फॉर्म भरत बसेल, हे सगळं त्या एका संध्याकाळी ठरतं. मग वर्षअखेरीला तोंड वर करून म्हणता, “सर, त्याला काही येत नाही.” येणार कुठून? तुम्ही त्याला शिकू दिलंत का?

“कमी मार्कांवर आलेले डॉक्टर पेशंट मारतील,” हे वाक्य मी ड्यूटी रूममध्ये ऐकलं आहे. नीट ऐका. प्रवेशाचा कटऑफ वेगळा असतो. एमबीबीएस आणि एमडी उत्तीर्ण होण्याची रेषा सगळ्यांना एकच असते. तीच युनिव्हर्सिटी, तेच पेपर, तेच परीक्षक. सप्टेंबर २०२३मध्ये नीट पीजीचा कटऑफ सगळ्या प्रवर्गांसाठी शून्य पर्सेंटाइलवर आणला गेला, कारण जागा रिकाम्या राहत होत्या. खासगी कॉलेजांतल्या लाखो रुपये फीच्या जागा त्यातून भरल्या. तेव्हा तुमच्यापैकी कुणी मेरिटसाठी गळा काढला नाही. एनआरआय कोट्यातल्या मित्राची रँक तुम्ही कधी चारचौघांत काढली नाहीत. मेरिटची काळजी फक्त अनुसूचित जातीच्या, जमातीच्या, भटक्या-विमुक्तांच्या, ओबीसींच्या मुलांपाशीच जागी होत असेल, तर ती काळजी मेरिटची नव्हे. तिला जातीयता म्हणतात, आणि मी तिला त्याच नावाने हाक मारणार.

जानेवारी २०२२मध्ये वैद्यकीय प्रवेशांतल्या ओबीसी आरक्षणावर निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने हेच बजावलं: आरक्षण आणि गुणवत्ता एकमेकांच्या विरोधात नाहीत, आणि परीक्षेतल्या गुणांमागे घरची शिदोरी किती होती हे गुणपत्रिकेत दिसत नाही. कुणाला कोटा शहरात जाऊन दोन वर्षं क्लास लावता आला. कुणी आश्रमशाळेत एका शिक्षकाकडून फिजिक्स-केमिस्ट्री दोन्ही शिकून इथवर पोचलं. या दोघांमधलं अंतर मार्कांनी मोजता येत नाही.

हे सगळं नवं आहे असा आव आणू नका. दिल्लीच्या एम्समध्ये दलित-आदिवासी विद्यार्थ्यांना कशी वागणूक मिळते हे तपासायला २००६मध्ये सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिने २००७मध्ये दिलेल्या अहवालात होस्टेलमध्ये वेगळं पाडणं, मेसमध्ये आणि मैदानावर दूर ठेवणं, शिक्षकांनी टाळणं, तोंडी परीक्षेत आकस ठेवणं, हे सगळं नोंदलेलं आहे. देशातल्या सर्वांत नामांकित वैद्यकीय संस्थेतली ही स्थिती होती. त्यानंतर बारा वर्षांनी, मे २०१९मध्ये, मुंबईच्या नायर रुग्णालयात स्त्रीरोग विभागात पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या डॉ. पायल तडवीने होस्टेलमध्ये जीवन संपवलं. जळगाव जिल्ह्यातल्या तडवी भिल्ल समाजातली मुलगी. वरिष्ठ डॉक्टरांनी जातीवरून छळ केल्याचा आरोप आहे. खटला न्यायालयात आहे, निवाडा न्यायालय देईल. पण तिच्या आई, आबेदा तडवी, हैदराबाद विद्यापीठात जीवन संपवलेल्या रोहित वेमुलाच्या आई राधिका वेमुला यांच्याबरोबर त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि शिक्षणसंस्थांतला जातिभेद थांबवा अशी मागणी केली. आपल्या मुलीला डॉक्टर करायला पाठवलेल्या आईला हे मागायला कोर्टाची पायरी चढावी लागली. या पेशात असलेल्या प्रत्येकाची मान खाली जावी, अशी ही गोष्ट आहे.

सीनियर रेसिडेंट आणि लेक्चरर मंडळी, आता तुमच्याकडे वळतो. “आम्हीही हेच सोसलं, ज्युनियरला घासून काढल्याशिवाय तो तयार होत नाही,” हे तुमचं ठरलेलं उत्तर आहे. सलग छत्तीस तास ड्यूटी करणाऱ्याचा जीव मेटाकुटीला येतो, हे मला माहीत आहे. रेसिडेंटची संख्या वाढवा, ड्यूटीचे तास कमी करा, ही मागणी रास्त आहे, आणि ती करताना मी तुमच्या पुढे उभा राहीन. पण थकवा सगळ्यांना येतो. तो एकाच आडनावाच्या मुलीवर कसा निघतो? पेशंटच्या नातेवाइकांसमोर तिच्या अंगावर फाइल का फेकली जाते? लेबर रूममधून तिलाच बाहेर का काढलं जातं? तुम्ही तिला घडवत नाही, मोडता.

आणि कायदा माहीत नाही म्हणू नका. महाराष्ट्राचा रॅगिंग प्रतिबंधक कायदा १९९९ सालचा आहे. तक्रार आली की संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करायची असते. त्याने टाळाटाळ केली तर त्या गुन्ह्याला त्याचीच चिथावणी होती असं कायदा मानतो. “आपसात मिटवून घ्या” म्हणून तक्रार ड्रॉवरमध्ये टाकणारा संस्थाप्रमुख मोठ्या मनाचा ठरत नाही. तो गुन्ह्यात सामील होतो.

आता रुग्णांकडे या. गडचिरोलीहून आलेला सिकलसेलचा तरुण रात्री वेदनेने तळमळतो आणि तुम्ही नर्सला सांगता, “ड्रामा करतोय, इंजेक्शनची सवय लागलीय.” विळ्याच्या आकाराच्या पेशी बारीक रक्तवाहिन्या तुंबवतात, पुढच्या भागाला रक्त मिळत नाही, हाडं आतून आक्रोश करतात. पुस्तकात हे पाठ करता आणि खाटेवर दिसलं की खोटं ठरवता. विदर्भात आणि नंदुरबारच्या डोंगरात हा आजार पिढ्यान्‌पिढ्या आहे. तो आदिवासींना होतो, दलितांना होतो. ज्यांच्या बोलण्यावर तुमचा मुळातच विश्वास नाही, त्यांच्या वेदनेवर कसा बसेल?

ॲटलासमधले फोटो गोऱ्या कातडीचे आहेत, म्हणून सावळ्या माणसाचा निळेपणा तुम्हाला दिसत नाही. तो कातडीवर शोधू नका. जीभ बघा, ओठांची आतली बाजू बघा. फिकेपणासाठी पापणीच्या आत आणि तळहातावर बघा. बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरवरही डोळे झाकून विसंबू नका. अमेरिकेत डिसेंबर २०२०मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हे यंत्र कृष्णवर्णीय रुग्णांमधली ऑक्सिजनची छुपी कमतरता गोऱ्यांच्या तुलनेत जवळजवळ तिप्पट वेळा नजरेआड करतं असं दिसलं. यंत्र घडवताना कोणाची कातडी समोर होती, हा प्रश्न आपल्या आयसीयूमध्ये रोज विचारण्याजोगा आहे.

ऐकलं तर काय हाती लागतं तेही जाणून घ्या. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांतल्या बायकांची तपासणी केली आणि तिचे निष्कर्ष १९८९मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडले. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग होते. आधी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. जगाने तोवर ग्रामीण बाईला कुटुंबनियोजनापलीकडे काही विचारलंच नव्हतं. याच दांपत्याने रुग्णालय बांधलं ते आदिवासींना विचारून: गावातल्या घरांसारख्या झोपड्यांचं, त्यांच्या देवीच्या नावाचं. म्हणून त्याचं नाव मां दंतेश्वरी दवाखाना. असा दवाखाना उभारायला कुठलाही कोर्स लागत नाही, आधी प्रश्न विचारायची तयारी लागते.

पुस्तकात छापलंय म्हणून ते खरं, असंही मानू नका. बलात्कारपीडितेची ‘टू फिंगर टेस्ट’ वर्षानुवर्षं शिकवली गेली. सर्वोच्च न्यायालयाने २०१३मध्ये ती पीडितेच्या प्रतिष्ठेवर घाला ठरवली आणि २०२२मध्ये, जो ती करील तो गैरवर्तनाचा दोषी, असं सांगितलं. सेवाग्रामचे डॉ. इंद्रजित खांडेकर अशा अशास्त्रीय चाचण्यांविरुद्ध वर्षानुवर्षं लिहीत आणि झगडत आले आहेत. एवढं होऊनही राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ऑगस्ट २०२४च्या अखेरीस काढलेल्या अभ्यासक्रमात समलिंगी संबंध ‘अनैसर्गिक गुन्ह्यां’च्या यादीत पुन्हा घुसवले होते. ओरड झाली तेव्हा सप्टेंबरात तो मागे घ्यावा लागला. तृतीयपंथी रुग्ण कॅज्युअल्टीत आला की पुरुष वॉर्ड की स्त्री वॉर्ड यावर तुमची हसत हसत चर्चा चालते. तेवढ्या वेळात त्याचं बीपी तरी घेतलंत का?

अपंगांचंही तेच. बोलण्याचं अपंगत्व ठरावीक टक्क्यांच्या वर गेलं म्हणून महाराष्ट्रातल्या एका विद्यार्थ्याला एमबीबीएसचा दरवाजा बंद झाला होता. तो झगडला. नव्याने तपासणाऱ्या डॉक्टरांनी तो शिकू शकतो असा निर्वाळा दिला आणि ऑक्टोबर २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं: नुसता टक्का बघून कुणाला नाकारू नका, तो शिकू शकतो का ते तपासा. दोन्ही हात धडधाकट हवेत, या अटीवरही न्यायालयाने फेब्रुवारी २०२५मध्ये कठोर ताशेरे ओढले. हे आपण डॉक्टरांनी न्यायालयाला शिकवायला हवं होतं. माणसाच्या शरीराबद्दल आपल्यालाच न्यायालयाकडून शिकावं लागलं.

“सर, आम्ही जात मानत नाही,” असं म्हणणारा हमखास एक जण असतो. तू मानत नसशील, चांगलं आहे. पण शेजारचा मानत असताना तू गप्प बसलास. मेसमधल्या टेबलावरून एक मुलगा उठून गेला आणि तू जेवत राहिलास. तुझं गप्प बसणं त्याला ऐकू जातं.

तेव्हा या युनिटमध्ये यापुढे असं चालेल. रँक आणि कॅटेगरी कुणीही कुणाला विचारणार नाही. विचारताना सापडला तर लेखी खुलासा द्यावा लागेल. केस पेपरवर रुग्णाची भाषा लिहायची, आणि ती येत नसेल तर दुभाषी कोण आणलात त्याचं नाव लिहायचं. त्याशिवाय ‘हिस्टरी देत नाही’ हा शेरा मी मान्य करणार नाही. ओटीतल्या आणि लेबर रूममधल्या पाळ्या फळ्यावर लागतील. कुणी किती केसेसना असिस्ट केलं ते दर महिन्याला मी स्वतः तपासीन. त्यात तफावत दिसली तर जाब ज्युनियरला विचारणार नाही, सीनियरला विचारीन. सिकलसेलचा रुग्ण दुखतंय म्हणाला तर आधी वेदनेचं औषध, प्रश्न नंतर. तक्रार आली तर सात दिवसांत चौकशी, आणि तक्रार करणाऱ्याची ड्यूटी बदलायची नाही, ज्याच्यावर तक्रार आहे त्याची बदलायची.

तुम्ही हुशार आहात, कष्टाळू आहात, तुमचे हात चांगले आहेत. म्हणूनच एवढं बोलतो. कुचकामी माणसावर मी माझा आवाज वाया घालवत नाही. पण हुशारीला माणूस दिसत नसेल, तर ती माझ्या वॉर्डात नको. तुमच्या लॉगबुकवर माझी सही लागते. ज्याने पेशंटला त्याच्या भाषेत बोलू दिलं नाही, ज्याने ज्युनियरला शिकू दिलं नाही, त्याच्या लॉगबुकवर ती होणार नाही, मग तो युनिव्हर्सिटीत पहिला आलेला असो.