हयातीचा दाखला



'निवृत्त' हा शब्द हल्ली कचेरीच्या कागदावर फार दिसतो. आमच्या पाठशाळेत कोणताही शब्द आला की गुरुजी आधी धातू विचारीत. 'वृत्' म्हणजे असणे, वागणे. त्याला 'नि' लागला की मागे फिरणे, परतणे. दिवस मावळता गाय रानातून गोठ्याकडे वळते, ती निवृत्त होते. तेव्हा निवृत्तीला परतण्याचे एक ठिकाण लागते. ते नसेल तर ती नुसती हकालपट्टी.

आपल्या राज्यातील बहुतेक सरकारी नोकर ५८ व्या वर्षी सेवानिवृत्त होतात, केंद्राचे ६० व्या वर्षी. शाल होते, श्रीफळ होते, भाषणे होतात. दुसरे दिवशी गृहस्थ सवयीने पहाटे उठतो, स्नान करून तयार होतो, आणि मग त्याला कळते की जायचे कुठेच नाही. मनूने मात्र जन्माचा दाखला विचारला नाही. अंगाला सुरकुत्या पडल्या, केस पिकले, नातवाचे तोंड पाहिले, की गृहस्थाने वनाची वाट धरावी, एवढेच त्याने सांगितले. आता ते वन राहिले नाही. वृद्धाश्रम आहेत, पण वानप्रस्थ आपल्या पायांनी जातो, आणि तिथे पुष्कळदा पोचविले जाते. स्वखुशीने जाणारेही असतात, त्यांच्याविषयी माझे काही म्हणणे नाही.

मुद्दा घरात राहणाऱ्यांचा आहे. एका गावी सप्ताहाला गेलो असता तेथील निवृत्त मुख्याध्यापक माझ्याजवळ येऊन बसले. म्हणाले, "बुवा, तीस वर्षं शाळा चालवली, आता घरात मला कुणी काही विचारीत नाही. अंगणात बोअर घेतली, ती मला यंत्राच्या आवाजानं कळली." संध्याकाळी त्यांचाच मुलगा भेटला. तो म्हणाला, "माउली, विचारायची भीती वाटते. एक गोष्ट विचारली की बाबा दहा हुकूम सोडतात. सूनबाईनं भाजी कोणती आणायची, नातवानं किती वाजता उठायचं, सगळ्याचं वेळापत्रक!" आता खोटे कोण बोलत होते? कोणीच नाही. विचारणे म्हणजे ऐकलेच पाहिजे, असे बाप समजतो. आणि ऐकायचे नसेल तर विचारूच नये, असे मुलगा समजतो. अर्धी भांडणे या एका गैरसमजाची आहेत.

महाभारतातील आश्रमवासिक पर्व कीर्तनात कमी घेतले जाते. युद्ध संपल्यावर धृतराष्ट्र हस्तिनापुरातच राहिला, आणि तोही पंधरा वर्षे. ज्याच्या मुलांनी द्रौपदीला सभेत ओढले, त्या चुलत्याला युधिष्ठिराने कसे वागविले? अन्न, वस्त्र, शय्या, सारे पूर्वीसारखे. राज्यकारभारात त्याचा सल्ला घ्यायचा. धृतराष्ट्राला वाटले तर तो बंदिवान सोडून देई, आणि धर्मराज त्यावर चकार शब्द काढीत नसे. राज्य धर्माचेच होते, निर्णय त्याचेच होते. पण म्हाताऱ्याला विचारल्यावाचून दिवस जात नसे. विचारण्यात त्याचे काय गेले? काही नाही.

पण त्याच घरात भीम होता. तो धृतराष्ट्र-गांधारीच्या कानांवर जाईल अशा बेताने दंड थोपटी, आणि याच बाहूंनी आंधळ्याची पोरे मारली, असे मित्रांना सांगे. व्यासांनी यात एक बारीक गोष्ट टिपली आहे. हे युधिष्ठिराला ठाऊक नव्हते. अर्जुनाला नाही, कुंतीला नाही, द्रौपदीलाही नाही. घरातले पाच जण सज्जन असले तरी टोचणारा एक पुरतो. आणि ज्याला टोचते तो बोलत नाही. धृतराष्ट्राने जेवण कमी केले, जमिनीवर निजू लागला, तेही कोणाला कळू न देता. वडील "भूक नाही" म्हणतात तेव्हा ते पोटाविषयी बोलत असतीलच असे नाही.

निवृत्तिवेतन घेणाऱ्याला दरवर्षी नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. आपण जिवंत आहोत हे जिवंत माणसाने सिद्ध करायचे! पूर्वी बँकेत सही करावी लागे; आता यंत्रावर बोट टेकवले तरी चालते. हे वर्षातून एकदा. घरात हा दाखला रोज द्यावा लागतो. उगीच खोकायचे, काठी आपटायची, "चहात साखर कमी आहे" म्हणायचे. आपण त्याला म्हातारपणाचा चिडका स्वभाव म्हणतो. तो अर्ज असतो. मंजूर करायला एक प्रश्न पुरे: "बाबा, यंदा पेरणी केव्हा धरावी?" मग त्यांनी सांगितलेली तारीख पाळलीच पाहिजे असे नाही. आणि ती पाळली नाही म्हणून वडिलांनी रुसायचे नाही. हा दुसरा निम्मा भाग वडिलांनी शिकायचा. तो अवघड आहे, कारण खुर्ची सुटते तरी हुकूम जिभेवर राहतो. ययातीने तर म्हातारपणच नाकारले, मुलाचे तारुण्य मागून घेतले, आणि सहस्र वर्षांनी कंटाळून परत केले.

केंद्र सरकारने २००७ साली आई-वडिलांच्या व ज्येष्ठांच्या निर्वाहासाठी कायदा केला. मूल पोसत नसेल तर न्यायाधिकरणाकडे जाता येते. सांभाळण्याच्या अटीवर लिहून दिलेली मालमत्ता, सांभाळ न झाल्यास परत मिळविता येते. कायदा हवाच, उपाशी माणसाला प्रवचन काय कामाचे? पण न्यायाधिकरण निर्वाहाची रक्कम ठरवील. पेरणीविषयी विचारा असा हुकूम ते काढू शकत नाही. पुंडलिकाची कथा आपण सांगतो, त्यात देवाला विटेवर थांबविल्याचे कौतुक करतो. आईबाप त्या वेळी निजले असतील की बोलत असतील, हे कोणी विचारीत नाही.

आणि आईचे काय? मुख्याध्यापकांना शाल मिळाली, त्यांच्या पत्नीची चूल ५८ व्या वर्षी थांबली नाही. उलट नवरा दिवसभर घरात आल्याने चहा वाढला. कुंतीकडे पाहा. धृतराष्ट्र आणि गांधारी वनाला निघाले तेव्हा तीही निघाली. मुले रडली, म्हणाली, आता कुठे राज्य मिळाले, आता सुख घे. ती म्हणाली, तुम्ही दीन होऊ नये म्हणून मी तुम्हाला लढायला सांगितले. पतीच्या राज्यात मी भोगायचे ते भोगले, मुलांनी जिंकलेले मला भोगायचे नाही. डोळे बांधलेल्या गांधारीचा हात तिने खांद्यावर घेतला. युधिष्ठिर नगराबाहेरपर्यंत मागे चालत गेला, आणि तिने परत फिर म्हटल्यावरही बराच वेळ फिरला नाही.

रामकृष्णहरि.