गृहीतक पडलं, आता काय?

(निखिल कृषी जीवाणुशास्त्रात पीएच.डी. करतो आहे. मावशी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झाली आहे.)

निखिल : मावशी, माझं गृहीतक साफ आपटलं. रायझोबियम जीवाणू लावून पेरलेला हरभरा जास्त उतारा देईल, असं मी लिहून दिलं होतं. बीजप्रक्रिया केलेले आणि न केलेले, दोन्ही प्लॉट सारखेच उतरले.

मावशी : मग तसंच लिही.

निखिल : ऐक तर. प्रक्रिया न केलेली रोपं उपटून पाहिली, तर मुळांवर गाठीच गाठी. नखाने फोडल्या तर आतून गुलाबी, म्हणजे नत्र धरणाऱ्या. त्या रानात वर्षानुवर्षं हरभराच होतोय, जीवाणू मुळातच भरपूर. बाहेरून आणखी घालून काय फरक पडणार? बरोबरचे म्हणतात, प्रबंधाचं पहिलं प्रकरण बदल. 'मूळचे जीवाणू भरपूर असतील तिथे बीजप्रक्रियेचा फायदा दिसणार नाही', हेच गृहीतक होतं असं लिही. आकडे तर खरेच आहेत.

मावशी : आकडे खरे, परीक्षा खोटी. निकाल लागल्यावर केलेलं भाकीत कधी चुकतं का?

निखिल : मग एका हंगामावरून सगळं सोडून देऊ? की 'पाऊस लांबला, पेरणी चुकली' म्हणत जुनंच धरून बसू?

मावशी : फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ ल व्हेरिए याच्यापुढे हाच पेच होता, तोही दोनदा. युरेनस न्यूटनच्या गणिताने ठरलेल्या जागी सापडेना. न्यूटन चुकला म्हणायचं, की गणिताला ठिगळ लावायचं? त्याने ठिगळ लावलं : पलीकडे न दिसलेला एक ग्रह आहे, तो युरेनसला ओढतोय. पण नुसतं तेवढ्यावर थांबला नाही. दुर्बीण कुठे रोखायची, ते कागदावर लिहून दिलं. 23 सप्टेंबर 1846 ला ते पत्र बर्लिनच्या वेधशाळेत गाले याच्या हाती पडलं आणि त्याच रात्री नेपच्यून सापडला. सांगितलेल्या जागेपासून एक अंशही लांब नव्हता.

निखिल : म्हणजे ठिगळ चालतं.

मावशी : थांब. बुधाची कक्षाही हळूहळू फिरत होती, आणि शतकाला काही विकलांचा, म्हणजे अंशाच्या अगदी बारीक तुकड्यांचा, हिशेब लागत नव्हता. नंतरच्या मोजणीत तो फरक 43 विकला ठरला. 1859 मध्ये ल व्हेरिएने जुनाच तोडगा काढला : बुधाच्या आत काहीतरी असणार. एका खेड्यातल्या डॉक्टरने सूर्यबिंबावरून सरकणारा काळा ठिपका पाहिल्याचं कळवलं. ल व्हेरिए स्वतः त्याच्या घरी जाऊन थडकला, त्याची उलटतपासणी घेतली आणि त्याच्यावर विश्वास ठेवला. ग्रहाचं नावही ठरलं, व्हल्कन. मग वर्षानुवर्षं शोध चालला. मधूनच कुणाला काही दिसे, पण कक्षा काही जुळेना. 1877 मध्ये ल व्हेरिए वारला, तेव्हाही व्हल्कनवरचा त्याचा विश्वास ढळला नव्हता.

निखिल : माणूस तोच, रीत तीच. मग पहिलं ठिगळ शास्त्र आणि दुसरं हट्ट, हे आपण निकाल माहीत असल्यामुळेच म्हणतो.

मावशी : मी तसं म्हणतच नाही. 1859 मध्ये दुसरं ठिगळही तितकंच सच्चं होतं. कुठे बघा ते त्यात सांगितलं होतं, म्हणून तर ते खोटं ठरू शकलं. घोळ पुढे झाला. व्हल्कन दिसला नाही की त्याची कक्षा बदलायची, पुन्हा दिसला नाही की पुन्हा बदलायची. किती वेळा दिसला नाही म्हणजे 'नाही' म्हणायचं, हे कुणी आधी ठरवलंच नव्हतं.

निखिल : पण न्यूटन सोडून लोक जाणार कुठे? हातात दुसरं काय होतं?

मावशी : काहीच नव्हतं, आणि हे अगदी खरं. एका विसंगतीने सिद्धांत पडत नाही. जास्त समजावणारा दुसरा उभा राहिला की पडतो. नोव्हेंबर 1915 मध्ये आइन्स्टाइनने दाखवलं की त्याच्या मांडणीतून 43 विकला नव्या ग्रहाशिवाय निघतात.

निखिल : सापडलीस! 43 चा आकडा आइन्स्टाइनला आधीपासून माहीत होता. म्हणजे तेही निकालानंतरचं भाकीत. त्याला टाळ्या, आणि मला उपदेश?

मावशी : प्रश्न चोख आहे. दोन गोष्टी बघ. त्याच्या समीकरणांत बुधासाठी हवा तसा फिरवता येईल असा एकही आकडा नव्हता. आणि तो बुधावर थांबला नाही. सूर्याजवळून येणारा ताऱ्याचा प्रकाश सुमारे 1.75 विकला वळेल, न्यूटनच्या हिशेबाने येतो त्याच्या दुप्पट, असं त्याने सांगून ठेवलं. हे तोवर कुणी मोजलेलं नव्हतं. 29 मे 1919 च्या ग्रहणात ते मोजायला खगोलशास्त्रज्ञ एडिंग्टन प्रिन्सिपे बेटावर गेला, दुसरी तुकडी ब्राझीलमध्ये सोब्रालला. तिथे उत्तर उलटं आलं असतं, तर आइन्स्टाइनची पंचाईत होती. तुझ्या गाठींच्या कल्पनेचं 1919 कुठे आहे?

निखिल : ...ज्या रानात हरभरा कधी झालाच नाही, तिथे. तिथे मूळचे जीवाणू कमी असणार. माझं म्हणणं खरं असेल तर तिथे बीजप्रक्रियेचा फायदा दिसायला हवा, आणि प्रक्रिया न केलेल्या मुळांवर गाठी तुरळक हव्यात.

मावशी : आणि गाठी तुरळक असूनही फायदा दिसला नाही तर?

निखिल : तर हेही पडलं. 'पाऊस लांबला' म्हटलं तर असं काहीच सांगता येत नाही.

मावशी : बघ, तुझं तुलाच उमगलं.

निखिल : पण त्याला आणखी एक रब्बी लागेल, आणि फेलोशिप मार्चमध्ये संपते. पहिलं प्रकरण बदललं तर याच वर्षी सुटतो.

मावशी : मग प्रबंध याच वर्षी दे, पण पहिलं प्रकरण आहे तसं ठेव. जीवाणूंची कल्पना शेवटच्या प्रकरणात घाल आणि स्पष्ट लिही : ही याच आकड्यांवरून सुचली, म्हणून हे आकडे तिचा पुरावा नाहीत. कुठल्या रानात, किती गाठी आणि किती उतारा आला तर ती खोटी धरायची, तेही लिहून ठेव. ते रान पुढच्या रब्बीत दुसरं कुणी पेरेल.

निखिल : आणि परीक्षकांनी विचारलं, तुमचं गृहीतक तर चुकलं?

मावशी : 'हो' म्हण. काय अपेक्षित होतं, काय आलं आणि आता कुठे बघायचं, एवढं ज्याला सांगता येतं त्याने संशोधन केलंय. जो परीक्षक हे मानणार नाही, त्याच्याशी खुशाल वाद घाल. पण त्याच्यासाठी पहिलं प्रकरण बदलू नकोस.