थांबलेल्यांचे देणे

एखाद्याला ‘तू जरा थांब’ असे सांगण्याचा अधिकार आपल्याला केव्हा मिळतो? आणि तो थांबला, तर आपण त्याचे काही देणे लागतो काय? कोरोनाच्या साथीने हा जुना प्रश्न पुन्हा दारात आणून उभा केला. जर्मनीचे उदाहरण आम्ही मुद्दाम घेतो, कारण तेथे ही गोष्ट उघडपणे, तारीख ठरवून झाली.

दि. १२ मार्च २०२० रोजी चॅन्सेलर अँजेला मर्केल व तेथील राज्यांचे मुख्यमंत्री यांनी ठरविले की, १६ मार्चपासून इस्पितळांनी आधी ठरवून करावयाच्या शस्त्रक्रिया, वैद्यकीय दृष्ट्या चालण्यासारखे असेल तेथे, पुढे ढकलाव्यात. खाटा, परिचारिका आणि व्हेंटिलेटर कोरोनाच्या रोग्यांसाठी मोकळे हवे होते. कान-नाक-घशाच्या विभागाला याची झळ फार लागली. टॉन्सिल काढणे, नाकाचा वाकडा पडदा सरळ करणे, फाटलेला कानाचा पडदा शिवणे, ही सारी ठरवून होणारी कामे. शिवाय हा विषाणू नाकाघशातच वस्ती करतो. तेथे हत्यार चालविणाऱ्या डॉक्टरांच्याच जिवाला धोका होता.

हा निर्णय चुकला असे आम्ही म्हणणार नाही. त्याच वसंतात जर्मन इस्पितळांनी इटली व फ्रान्समधील अत्यवस्थ रोग्यांनाही जागा दिली. एकाचा श्वास कोंडला असता दुसऱ्याच्या घोरण्याने थांबावे, यात अन्याय नाही.

परंतु ‘ठरवून करावयाची’ या एका शब्दात घोरणारा गृहस्थ येतो, तसे बहिरे जन्मलेले बाळही येते. जर्मनीत २००९ पासून प्रत्येक नवजात बालकाच्या श्रवणाची तपासणी होते. ती अशासाठी की, मेंदू भाषा शिकतो तो पहिल्या काही वर्षांत, आणि कानात बसवावयाचे कॉक्लियर यंत्र लवकर बसले तर बोल लवकर फुटतो. मोठ्या माणसाचा एक महिना आणि अशा बाळाचा एक महिना सारखा नव्हे. आणि ज्याला ऐकू येत नाही, बोलता येत नाही, ते बाळ तक्रार तरी कशी करणार?

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. शाळा बंद, तोंडावर मास्क. त्यामुळे मुलांची सर्दी कमी झाली, कानाची दुखणीही कमी झाली. पडद्यामागे साठलेले पाणी पुष्कळदा आपोआप ओसरते. तेव्हा थांबणे म्हणजे प्रत्येक वेळी नुकसानच, असे नाही. पण कोणाचे ओसरले आणि कोणाचे नाही, हे कोणीतरी पुन्हा कानात डोकावून पाहिले तरच कळते.

त्याच मार्च महिन्यात तेथे कायदा झाला. इस्पितळाला रिकाम्या राहिलेल्या खाटेमागे सुरुवातीस दिवसाला ५६० युरो मिळू लागले. ते योग्यच; पगार तर द्यावेच लागतात. पण खाट रिकामी राहिली तिचा हिशेब झाला. ज्याने ती रिकामी करून दिली, त्याचा हिशेब कोणी मांडला?

कोकणातल्या गावात आग लागली तर शेजाऱ्याची भरलेली घागर न विचारता उचलीत. त्यात चोरी नव्हती. पण आग विझल्यावर ती घागर भरून परत करणे, ही माणुसकी होती. थांबलेल्या रोग्याचे देणे तसेच आहे. त्याचे नाव यादीत राहावे, मधूनमधून त्याची तपासणी व्हावी, आणि दार उघडेल तेव्हा वशिल्याने नव्हे, तर गरजेप्रमाणे नंबर लागावा.

वाचकहो, हे केवळ इस्पितळाचे नाही. नव्या देशात बिऱ्हाड मांडताना घरातल्या कोणालातरी आपण ‘तू थांब’ म्हणालो. धाकट्या भावांच्या फीसाठी कोणा थोरल्या बहिणीने शाळा सोडली. जी कुरकुर करीत नाही, तिलाच थांबायला सांगणे सोपे जाते. त्या वेळी दुसरा इलाज नसेलही. पण आग विझून आता पुष्कळ वर्षे झाली. तिची घागर आपण भरून दिली काय?