आल्टोच्या वाट्याला आलेलं

चि. सोनूस,


तुमच्या गायकवृंदाने बाखचा १४० क्रमांकाचा कॅन्टाटा घेतला, छान झालं. ‘आल्टोला चाल कधी मिळतच नाही’ ही तक्रारही पोचली. तक्रार खरी आहे. पण आपली ओळ घोकण्याआधी तो ज्यावर बेतलाय ते मूळ स्तोत्र पाठ कर, तिन्ही कडवी, चालीसकट.

ते लिहिलं फिलिप निकोलाई या उना गावच्या पाद्र्याने. गावात प्लेगचं थैमान होतं. त्या दिवसांतलं त्याचं पुस्तक १५९९ मध्ये छापलं गेलं, त्यात हे आलं. दारात मरण उभं असताना या माणसाने लिहिली लग्नाची लगबग! मध्यरात्री पहारेकरी हाका मारताहेत, नवरदेव आलाय, दिवे घेऊन उठा. मत्तयच्या शुभवर्तमानातली दहा कुमारींची गोष्ट.

२५ नोव्हेंबर १७३१ ला लाइपझिगच्या चर्चमध्ये बसलेल्यांना ही चाल लहानपणापासून ठाऊक होती. ट्रिनिटीनंतरचा सत्ताविसावा रविवार होता तो. ईस्टर अगदी लवकर आला तरच हा रविवार येतो. बाखच्या तिथल्या सत्तावीस वर्षांत दोनदाच आला. चाल ओळखीची असल्यामुळे बाख तिच्याभोवती काय करतोय, ते त्या लोकांना लगेच उमगत असणार. तुलाही उमगायला हवं.

पहिल्या भागात सोप्रानो ती चाल लांब लांब स्वरांत गातात, सोबतीला हॉर्न. ‘उठा’ अशी हाक त्यांची. पण जाग आल्यावरची धांदल तुम्हा खालच्या तीन आवाजांत आहे. ती धांदल नसेल तर वरची हाक कोरडी घोषणा होते. आणि ‘हालेलुया’ला पहिली उडी कुणाची? आल्टोची! टेनर, बास मागून येतात, सोप्रानो त्याच्याही नंतर. तिथे बिचकू नकोस.

मधली दोन युगुलगीतं एकल गायकांची, ती ऐकून घे. चौथ्या भागातही तुला काम नाही, पण तेव्हा पाण्याची बाटली शोधत बसू नकोस. टेनर दुसरं कडवं गातात आणि व्हायोलिन-व्हायोला मिळून भलतीच चाल वाजवतात. कुणी याला जुगलबंदी म्हणेल, तर ऐकू नकोस. दोघे एकमेकांना उत्तर देतच नाहीत. आपापल्या वाटेने चालतात आणि तरी जुळतात. बाखने पुढे हाच भाग ऑर्गनसाठी करून छापला. आज तो लग्नांत वाजतो, आणि पुष्कळांना ती वाद्यांची चालच स्तोत्राची वाटते. तुझी अशी गल्लत होऊ नये म्हणून तर पाठांतराचा एवढा आग्रह.

सातव्या भागात चारही आवाजांचे शब्द एकदम पडतात. आडोसा कुठेच नाही. ओळीच्या शेवटी श्वास सोप्रानोबरोबरच घे, आणि वहीत आत्ताच पेन्सिलीने खूण कर.

तुझी,
आत्या